कबरी: एका घोडीच्या खरेदीची वही

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

आपट्याची पानं द्यायला माळावरच्या मेंढपाळ वस्तीवर गेलो होतो. तिथल्या आबांचा आणि आमच्या वडलांचा जुना घरोबा; पीक निघालं की आमच्या रानात त्यांचीच मेंढरं बसतात. धाकटीला सोबत नेलं होतं. दावणीला पाच घोडी, सगळी धुतलेली, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूच्या माळा. चार तांबडी. पाचवी पांढरी, तिच्यावर तपकिरी ठिगळं लावल्यासारखी. धाकटी तिथंच थबकली. "बाबा, पेंट हॉर्स!"

आबांनी विचारलं, "काय म्हणती पोर?"

म्हटलं, "अबलख म्हणते."

"आमी कबरी म्हणतो."

सहज विचारल्यासारखं विचारलं, देणार का. आबा हसले. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाडासकट सगळी वस्ती, कोकणाकडे निघतो. सामान, करडं, कोंबड्या, लहान पोरं, सगळं घोड्यांच्या पाठीवर जातं. "पेरणीच्या तोंडावर बैल मागताय व्हय?"

तरी घोडी घ्यायची हे आज ठरलं. वही त्यासाठीच.

१५ ऑक्टोबर

काय हवं ते आधी लिहून ठेवतो. बाजारात गेल्यावर माणसाला आपलं ठरलेलं आठवत नाही.

घोडीच, अंडिल घोडा नको. वय सहा ते दहा. शांत, पाठीवर माणूस घ्यायची सवय असलेली. धाकटी बारा वर्षांची, बारामतीजवळ वर्षभर रविवारी बसायला शिकली आहे, पण घसरायच्या आत सावरेल एवढंच. उंची फार नको. खर्च सव्वा लाखापर्यंत, त्यात वाहतूक आणि डॉक्टर धरून.

माझी पात्रता: आजोबांचा टांगा होता. दहा वर्षांचा होईतो त्यांच्या शेजारी बसलो. साज चढवता येतो, लगाम धरता येतो, खूर उचलून बघता येतो. घोडं विकत घ्यायचा अनुभव शून्य.

यादीच्या शेवटी धाकटीने पेन्सिलीने एक ओळ घातली आहे: "रंग अबलखच." मी खोडली नाही.

दुसरी गोष्ट. आजपासून विधानसभेची आचारसंहिता लागली. पन्नास हजारांवर रोकड घेऊन निघालं की नाक्यावर कागद दाखवावे लागणार, आणि घोड्याचा व्यापारी रोकडीशिवाय बोलत नाही. बँकेतून काढल्याची पावती पाकिटात ठेवायची.

२० ऑक्टोबर

पहिला विक्रेता, तालुक्याच्या गावचा, वरातीला घोडे देणारा. फोनवर म्हणाला, "अबलख आहे, या." वरातीला नुकरा लागतो, म्हणजे अंगच गुलाबी असलेला पांढरा घोडा. त्यामुळे दुसऱ्या रंगाचं तो काढून टाकतोय, हे पटण्यासारखं होतं.

घोडी कुमैत निघाली. गडद तांबूस अंग, काळी आयाळ, काळे पाय. पाठीच्या उंचवट्यावर दोन पांढरे डाग, तंगाच्या जागी एक, बरगडीवर एक. तो म्हणाला, "छोटा अबलख."

मला आजोबांचा घोडा आठवला. त्यालाही खोगिराखाली असेच डाग होते, आणि ते जन्माचे नव्हते. जीन घासून जखम होते, ती भरते, वर केस पांढरे येतात. बादली मागवली, डागांवर पाणी ओतलं आणि हाताने केस निपटले. खऱ्या अबलखाच्या पांढऱ्या भागाखाली कातडं गुलाबी असतं. केस भिजले की ते लगेच दिसतं, आणि कडेला गुलाबीवरून काळ्यावर जाणारी एक निळसर पट्टी दिसते. इथे खाली सरळ काळं कातडं, एका जागी तर सुरकुतलेलं. म्हणजे रंग नाही, वण आहेत. हात लावला तशी घोडीने कान मागे पाडले आणि पाठ खाली घेतली. अजून दुखतं तिला.

मालक वाईट माणूस नाही. चहा पाजला, म्हणाला, "गिऱ्हाईक अबलख मागतं, मग मी अबलख म्हणतो."

खूर बघण्याची एक युक्ती तिथल्याच नालबंदाने सांगितली. पाय खालपर्यंत पांढरा असेल तर खूरही बहुधा फिकट, मेणाच्या रंगाचा येतो. पाय पांढरा आणि खूर कोळशासारखा, किंवा पाय काळा आणि खूर फिकट दिसला तर केसांना काही चोपडलंय का ते थुंकी लावून चोळून बघा. "माणसं डोक्याला लावत्यात तेच ह्यास्नी लावत्यात."

२७ ऑक्टोबर

आठवडाभर फोनवर फोटो येतायत. सगळ्यांखाली एकच शब्द: पेंट. धाकटीला समजावून सांगितलं. अमेरिकन पेंट ही तिकडची नोंदणीकृत जात आहे, तिला आईबापांची वंशावळ लागते. आपल्याकडे अबलख हा रंग आहे, तो मारवाडीत येतो, काठेवाडीत येतो, गावठी तट्टातही येतो. अंगभर बिब्यासारखे ठिपके ही तर तिसरीच गोष्ट. तिने वहीत तीन रकाने पाडले. विक्रेत्यांचा रकाना एकच.

एक जण सणसरकडचा, ऊसवाला, शिंगरू घेऊन बसलाय. दीड वर्षाचं, खरंच अबलख, देखणं. नको. दीड वर्षाचं शिंगरू आणि बारा वर्षांची पोर एकमेकांना काय शिकवणार?

३ नोव्हेंबर, अकलूज

पाडवा काल झाला. घोडेबाजार भरलाय. मामा माळशिरसहून थेट आले. त्यांनी आयुष्यभर खिलार बैल घेतले-विकले, घोड्यातलं त्यांना कळत नाही आणि ते तसं म्हणतात, म्हणूनच त्यांना नेलं.

आधी नुसते फिरलो. राजस्थान, उत्तर प्रदेश, पंजाब, गुजरात, सगळीकडचे व्यापारी. घोडा इथे इंचांत मोजतात. "बासष्ट", "चौसष्ट", "पासष्ट" असे आकडे ऐकू येतात, ते भाव नाहीत, खांद्याची उंची आहे. भाव कुणी मोठ्याने सांगत नाही. मारवाडी घोड्यांचे कान टोकाला टोक लावून उभे, मधे चिमूटभर फट. नाचऱ्या घोड्यांभोवती ढोल आणि मोबाईल घेतलेली पोरं. एका घोड्याची शेपटी सारखी झेंड्यासारखी वर होती, मामा कानात म्हणाले, "ह्याला मागनं आलं लावलंय." मला ती थट्टा वाटली होती. नंतर कळलं, शेपटी वर राहावी म्हणून शेपटीखाली आल्याचा तुकडा घालायचा, जगभरच्या घोडेबाजारांतला हा जुना खेळ आहे.

बाराच्या सुमाराला ती दिसली. बासष्ट इंच, काळी-पांढरी. पाठीवरून पांढरा पट्टा दोन्ही बाजूंना उतरलेला, चारही पाय पांढरे, डोकं पूर्ण काळं, डाव्या खांद्यावर बरोबर श्रीलंकेसारखा एक ठिपका. डोळे घारे नाहीत, दोन्ही गडद. मी पाणी ओतून पाहिलं: गुलाबी. खूर फिकट. रंगाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. आणि इथेच माझी परीक्षा संपली, हे आता लिहिताना कळतंय.

व्यापाऱ्याने तिची मान वर करून गळ्यावरचा भोवरा दाखवला. देवमण. हा असला की घोडं शुभ, आणि किमतीत वेगळे पैसे. मामांनी उलट बाजूने सुरुवात केली. ते गोम शोधत होते. गोम म्हणजे केसांची उलटी फिरलेली ओळ. कुठल्या जागी, कोणत्या तोंडाची आहे यावर घोडं खोटं ठरतं. "त्यात एक गोम आहे" असं आपण उठसूट म्हणतो, ती ही. मामांना गोम सापडली नाही. माझा ना देवमणावर विश्वास ना गोमेवर, पण सापडली नाही म्हटल्यावर बरं वाटलंच.

दात. व्यापारी म्हणाला, "पाँच साल, साहब." मला माहीत होतं ते असं: घोड्याचे पटाशीचे दुधाचे दात मधून कडेकडे पडत जातात, अडीच, साडेतीन, साडेचार वर्षांना, पाचाला तोंड भरतं. मग खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे झिजत जातात, मधले सहाव्या वर्षी, त्यांच्या शेजारचे सातव्या, कडेचे आठव्या. त्याने खालचा ओठ ओढून दाखवला. सगळ्या दातांना काळे खळगे. म्हणजे पाच-सहा. बरोबर.

दोन लाख दहा हजारांपासून सुरू झालं. मधला दलाल म्हातारा होता, त्याने उपरण्याखाली हात धरायला लावला. मामांनी बोटं दाबली. मला ती भाषा येत नाही, मी फक्त मामांचा चेहरा बघत होतो. एक लाख पंचेचाळीसवर थांबलं. ठरल्यापेक्षा वीस हजार जास्त. धाकटी घोडीच्या नाकपुडीवर हात ठेवून उभी होती. मामा म्हणाले, "आज नको. सकाळी ये, डॉक्टर घेऊन ये." मी म्हटलं, सकाळपर्यंत जाईल ती. पाच हजार इसार दिला. पावती नाही, शब्द.

४ नोव्हेंबर

डॉक्टर सकाळी सहाला यायला तयार झाले, एका अटीवर: व्यापाऱ्याला कळवायचं नाही. पोचलो तेव्हा तो झोपलेला, घोडी थंड पायावर उभी. काल दुपारी ती तासभर फिरवून गरम केलेली होती.

डॉक्टरांनी आधी तिला डांबरी रस्त्यावर दुडकीवर पळवायला सांगितलं. वाळूत लंगडं लपतं. मला म्हणाले, पाय बघू नका, डोकं बघा. पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना घोडं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली आणतं. पंचवीस पावलांत दिसायला लागलं. डावा पुढचा. काल नव्हतं, किंवा होतं आणि दुखणं दाबायचं औषध दिलेलं होतं. मुद्दाम दिलं असं ते म्हणाले नाहीत, फक्त "दोन दिवसांनी तिसऱ्यांदा पाहिलं असतं तर नक्की सांगितलं असतं" म्हणाले.

मग तोंड उघडलं. खालचे दात त्यांनी पाहिलेही नाहीत. वरचा ओठ उचलून कडेचा दात दाखवला. त्याच्या बाहेरच्या अंगाला उभी तपकिरी खाच, हिरडीपासून निम्म्याच्या खाली आलेली. ही खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विसाव्याला दात संपेतो. अंदाजच असतो, पण पाच वर्षांच्या तोंडात ती असतच नाही. खालचे काळे खळगे? कोरलेले आणि डागलेले. भिंगातून कोरल्याच्या रेघा दिसल्या. नैसर्गिक खळग्याला कडेने पांढरं कडं असतं, इथे नव्हतं.

पंधरा-सोळा वर्षांची लंगडी घोडी. आणि मी पाणी ओतत बसलो होतो.

ग्लँडर्ससाठी रक्त घेऊ का विचारल्यावर व्यापारी चिडला. हा आजार माणसालाही होतो. घोड्यात पक्का ठरला की ते जनावर कायद्याने मारावं लागतं. म्हणून डॉक्टर म्हणाले, घ्यायची नसली तरी रक्ताला नकार देणाऱ्याकडून दुसरंही घेऊ नका. इसार मागितला. मिळाला नाही. मामांनी भांडण होऊ दिलं नाही. "पाच हजारात शिकलास. मी बैलात चाळीस दिलेत."

१० नोव्हेंबर

हिशेब. इसार ५,०००. डॉक्टर १,५००. डिझेल, जेवण २,२००. घोडी: नाही.

धाकटी दोन दिवस बोलली नाही. मग विचारलं, "त्या घोडीचं आता काय होणार?" उत्तर नव्हतं.

आबांचा वाडा आज पहाटे हलला. मी रस्त्यावर गेलो होतो. मेंढरं घेऊन पुरुष पुढे गेलेले. मागून बायका, घोडी आणि सामान. कबरीच्या पाठीवर खाटेएवढं बोचकं, वर दोन कोकरं, त्यांच्यामध्ये एक पोर झोपलेलं. अंधारात पाच घोड्यांतली ती एकटीच दिसत होती.

१७ डिसेंबर

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली. तापीकाठचा तो घोडेबाजार बघायला शहाद्याचा एक मित्र गेला होता, त्याने व्हिडिओ पाठवला. काळी-पांढरी घोडी, ढोलावर पाय उचलतेय. थांबवून मोठा करून पाहिलं. डाव्या खांद्यावर श्रीलंका. मित्राला विचारलं, वय काय सांगतात? चार.

९ फेब्रुवारी २०२५

घोडी नसताना गोठा बांधणं हा मूर्खपणा असेल, पण काम झालं. फरशी नाही, मुरूम चोपून त्यावर वाळू. गव्हाण छातीएवढ्या उंचीला. खिळा, तार, पत्र्याची कड कुठे उघडी नाही, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. चाऱ्याचं विचारायला डॉक्टरांकडे गेलो. आमच्याकडे सगळ्यात फुकट काय, तर उसाचं वाढं. ते म्हणाले, त्यावर घोडी ठेवू नका. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, हाडं पोचट होतात, घोड्यात तर जबडाच सुजल्यासारखा होतो. कडबा, थोडा लसूणघास, भिजवलेले चणे मोजून. आणि चारा बदलायचा तो आठ-दहा दिवसांत हळूहळू. घोड्याला ओकता येत नाही, पोटशूळ उठला की जीवावर जातं.

आबांना फोन केला. लेकाने उचलला. कोकणात भातखाचरांत मेंढरं बसतायत, खताच्या बदल्यात धान्य. कबरी बरी आहे. मी काही बोललो नाही, तोच म्हणाला, "पुढच्या साली सामान पिकअपनं न्यायचं बोलणं चाललंय."

२८ मे

मे महिन्यात असा पाऊस आयुष्यात पाहिला नव्हता. बारामती-इंदापुरात ओढे फुटले, शेतं तळी झाली. मोसमी पाऊस जूनची वाट न बघता मेमध्येच महाराष्ट्रात शिरला. आबांचा वाडा घाईने परतला. वाटेत कोकरं गेली, किती ते आबांनी सांगितलं नाही. आज जाऊन फक्त बसून आलो. घोडीचा विषय काढायचा दिवस नव्हता.

५ जून

आबांनीच निरोप पाठवला.

डॉक्टरांना घेऊन गेलो, या वेळी आधी सांगून, कारण इथे लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी सगळं क्रमाने केलं. रंग सगळ्यात शेवटी.

डांबरावर दुडकी: डोकं सरळ. खूर: नाल कधीच ठोकलेली नाही, कडा झिजलेल्या पण टणक. वय: आबा म्हणाले, "थोरल्या नातीच्या बारशाच्या साली झाली," म्हणजे नऊ. दातांनीही तेच सांगितलं: खालचे खळगे झिजलेले, वरच्या कडेच्या दाताला खाच अजून नाही. उंची बावन्न इंच. अकलूजला या उंचीवर कुणी मान वळवून बघत नाही. डॉक्टर मात्र तिच्याभोवती दोनदा फिरले. म्हणाले, हे भीमथडी. जुन्या काळी भीमा-नीरेच्या काठचं जे तट्टू मराठी फौजेत होतं त्याचं नाव, आणि आता हे घोडं उरलंय ते बहुतेक मेंढपाळांकडे. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने जात म्हणून त्याची नोंद केली आहे. आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "नोंद केली व्हय? मग पेंड देतील का?"

पाठीवर ओझ्याच्या जुन्या घाशीचे वण आहेत, दोन. ते बाईंनी स्वतःच दाखवले. बाई म्हणजे आबांच्या सूनबाई. सौदा आबांशी नाही, त्यांच्याशी आहे हे मला तिथे कळलं. वाटेवर घोडी बायकांच्या ताब्यात असतात. कोणती कुठल्या ओढ्याला अडते, कोणती रात्री दावं सोडवते, ते पुरुषांना माहीतच नसतं. त्यांनी सांगितलेले दोष तसेच लिहितो: पाण्यातून जाताना आधी थांबते, वास घेते, मग जाते, मारून उपयोग नाही. दावं दाताने सोडवते. उजवीकडून चढलेलं आवडत नाही.

शेवटी रंग. पाणी ओतलं. गुलाबी, निळसर कड, ठसा अगदी अकलूजच्या घोडीसारखा: पाठीवरून उतरलेलं पांढरं, पांढरे पाय, गडद डोकं. याला टोबियानो म्हणतात, डॉक्टर म्हणाले. जनुकाची एक प्रत असली तरी रंग येतो, म्हणून एकच प्रत असलेल्या घोडीला साध्या घोड्यापासून शिंगरू झालं तर कबरं की तांबडं, छापा-काटा. कबरीची तीन शिंगरं झाली, दोन तांबडी, एक कबरं. धाकटीने कुठेतरी वाचलं होतं की पेंट घोड्यांत पांढरी शिंगरं जन्मून दोन-तीन दिवसांत आतड्याच्या दोषाने मरतात. ते खरं, पण तो वेगळा ठसा, फ्रेम नावाचा, आणि तो आईबाप दोघांत असावा लागतो. तिचा जीव भांड्यात पडला. आणि "शिंगरू होऊ द्यायचं ना?" हा नवीन प्रश्न सुरू झाला.

आबांना कबरा रंग आवडत नाही. कडबनवाडीच्या माळाला लांडगा आहे. पांढरं जनावर त्याला लांबून दिसतं, असं त्यांचं म्हणणं. सूनबाई म्हणाल्या, "त्यास्नी लांडग्याला दिसल्यालं कळतं. पहाटं तीनला अंधारात वझी भरायची आमी. आमाला बी हीच दिसती." मग त्यांनी भाव सांगितला. अठ्ठेचाळीस हजार. मी तयारीत होतो, घासाघीस करायला तोंड उघडलं, आणि मामांनी (ते ओट्यावर बसून होते) नुसती मान हलवली. मिटलं.

एक अट: रक्ताचा निकाल येईपर्यंत घोडी वस्तीवरच. अट माझी होती. वाटलं होतं रागावतील. सूनबाई म्हणाल्या, "घ्या की रक्त. पाची जणींचं घ्या, फुकट असंल तर."

२० जून

निकाल आला. ग्लँडर्स नाही, पाचहींना नाही. संशयास्पद निघालं असतं तर नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्रापर्यंत गेला असता आणि महिना गेला असता. आज धनुर्वाताची लस टोचली, जंताचं औषध दिलं.

२२ जून

पिकअप नको म्हणाली धाकटी. चालत आणली. अकरा किलोमीटर. पहिल्या ओढ्याला कबरी थांबली, वास घेतला, चांगली तीन मिनिटं. आम्ही उभे. मग गेली.

पैसे बँकेतून सूनबाईंच्या खात्यावर दिले. कागद एका पानाचा: रंग, उंची, दोन वण, गळ्यावर भोवरा नाही, दोन साक्षीदार. निघताना सूनबाईंनी तिच्या तोंडाला भाकरीचा तुकडा लावला आणि घरात निघून गेल्या. बाहेर आल्या नाहीत.

हिशेब. घोडी ४८,०००. रक्त, लस, डॉक्टरांच्या तीन फेऱ्या ४,१००. गोठा १९,०००. अकलूजचे ८,७०० वेगळे, ते कुठल्या खात्यावर टाकायचे ते ठरलेलं नाही.

३ जुलै

तुकोबांची पालखी तालुक्यातून पुढे गेली. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण झालं, तिथे आबा भेटले. कबरीचं विचारलं नाही, पोरीचं विचारलं.

चिखलाने मागच्या पांढऱ्या पायांना पुळ्या आल्या आहेत, तांबूस भागाला काही नाही. पांढऱ्याखालचं गुलाबी कातडं ओल आणि ऊन दोन्हीला नाजूक; पाय धुऊन सोडून द्यायचे नाहीत, कोरडे करायचे, असं डॉक्टरांचं म्हणणं. रोज संध्याकाळी जुनी धोतरं घेऊन बसतो. रंगाचं हे भाडं कुणी विक्रेत्याने सांगितलं नव्हतं.

काल रात्री अकराला वीज गेली, पाऊस धो धो. गोठ्यात गेलो तर दावं लोंबतंय, घोडी नाही. बॅटरी ओली होऊन बंद. पेरूच्या बागेत हाका मारत फिरलो, दोनदा घसरलो. बांधावर उभा राहून नुसतं बघत राहिलो तेव्हा खालच्या अंगाला, विहिरीच्या अलीकडे, काळोखात पांढरं काहीतरी हललं. आधी पाठीवरचा पट्टा, मग चार पाय. ओढ्याच्या पाण्यापाशी उभी राहून वास घेत होती.

दाव्याला आजपासून साखळीची कडी.